आधी नायकाचे बूट काढा

मारधाडपट लिहू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन. पूर्वानुभवाची अट नाही. पिस्तुलाचा परवाना असल्यास पिस्तूल घरी ठेवून यावं.

नवशिक्याची पटकथा पहिल्या पानावरच ओळखू येते. दुसऱ्या ओळीत स्फोट होतो, पाचव्या ओळीत गाडी उलटते आणि पान संपेस्तोवर डझनभर माणसं आडवी झालेली असतात. पुढे काय घडवायचं ते सुचत नाही, म्हणून दुसऱ्या पानावरही स्फोट होतो, फक्त थोडा मोठा. या दुखण्यावर इलाज आहे आणि तो महागही नाही. ‘डाय हार्ड’ हा १९८८ सालचा सिनेमा मिळवा, एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, ‘कुणाला काय कळलं’. उजवीकडे लिहा, ‘कुणाला अजून काय कळलेलं नाही’. सिनेमा संपेपर्यंत पानंच्या पानं भरतील. गोळ्या मोजण्यासाठी वेगळं पान ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. ते कोरं राहील, कारण मोजायचं तुमच्या लक्षातच राहणार नाही.

या मार्गदर्शिकेचं सगळं म्हणणं त्या उभ्या रेघेत आहे. काचा, मशीनगन, हेलिकॉप्टर हा वरचा साज झाला. आत चालतं ते रहस्यपटाचं जुनं यंत्र, आणि हिचकॉकसाहेबांनी ते पन्नास वर्षं आधीच बसवून, तेलपाणी करून ठेवलेलं आहे.

सूचना १. जागा एकच घ्या, आणि शक्यतो आपलीच घ्या

शहरभर पळापळ नको. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेतला जुना प्रकार आहे. त्या खोलीवर तीसेक मजले चढवा, म्हणजे मारधाडपटाची इमारत तयार होते. ‘डाय हार्ड’मधला नाकातोमी प्लाझा म्हणजे लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटी भागातला फॉक्स प्लाझा. सिनेमा काढणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचंच ते नवंकोरं ऑफिस होतं. जागेचा प्रश्न घरच्या घरी सुटला.

कल्पनाही अशीच दुसऱ्याच्या इमारतीतून आलेली. रॉडरिक थॉर्प या कादंबरीकाराने ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ हा जळत्या इमारतीचा १९७४चा सिनेमा पाहिला आणि बंदूकधारी एका माणसाचा इमारतभर पाठलाग करताहेत असं स्वप्न त्याला पडलं. त्यातून १९७९ साली ‘नथिंग लास्ट्स फॉरेव्हर’ ही कादंबरी झाली. ती त्याच्याच ‘द डिटेक्टिव्ह’ या कादंबरीचा पुढचा भाग, आणि ‘द डिटेक्टिव्ह’वर १९६८ साली निघालेल्या सिनेमात फ्रँक सिनात्रा होते. त्यामुळे करारानुसार नवी भूमिका आधी त्यांनाच विचारावी लागली. सत्तरी ओलांडलेल्या सिनात्रांनी नकार दिला. तो त्यांचा आपल्यावर मोठाच उपकार. काम शेवटी ब्रूस विलिसकडे गेलं. तोवर लोक त्याला ओळखत होते ते ‘मूनलायटिंग’ या टीव्ही मालिकेतला बोलघेवडा गडी म्हणून. त्याला ५० लाख डॉलर दिल्याचं ऐकून हॉलिवूडमध्ये अनेकांच्या भुवया वर गेल्या.

सूचना २. नायकाचे बूट काढा

हे अक्षरशः करायचं आहे. त्या काळचे नायक आठवा. १९८५ साली एकाच वर्षात स्टॅलोनचा दुसरा ‘रॅम्बो’ आणि श्वार्झनेगरचा ‘कमांडो’ आला. असल्या दंडाच्या माणसाचं काही बरंवाईट होईल अशी भीती कुणाला वाटावी? तिथे काळजी वाटायची ती समोरच्या सैन्याची. गंमत म्हणजे ‘डाय हार्ड’चा दिग्दर्शक जॉन मॅकटिअरनन आदल्याच वर्षी श्वार्झनेगरला घेऊन ‘प्रेडेटर’ काढून मोकळा झाला होता. दंडांचं काय करता येतं आणि काय येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

रहस्यपटाचा नायक मात्र भलत्या वेळी भलत्या जागी सापडलेला साधा माणूस असतो. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) जाहिरात कंपनीतल्या कॅरी ग्रँटला लोक गुप्तहेर समजतात, बिचाऱ्याकडे अंगावरच्या सुटापलीकडे काही नाही. ‘डाय हार्ड’चा जॉन मॅक्लेन पोलीस आहे खरा, पण न्यूयॉर्कचा. लॉस एंजेलिसला तो आलाय तो रुसलेल्या बायकोला नाताळच्या आदल्या दिवशी भेटायला, आणि काखेत भलंमोठं टेडी बेअर आहे.

आता बुटांकडे या. विमानात शेजारचा प्रवासी त्याला फुकटचा सल्ला देतो: पोचल्यावर बूट-मोजे काढ, गालिच्यावर अनवाणी चाल, पायाची बोटं मुठीसारखी आवळ, प्रवासाचा शीण जातो. मॅक्लेन बायकोच्या ऑफिसात तसं करतो. खरंच बरं वाटतं. आणि बरोबर त्याच वेळी बाहेर पार्टीत गोळीबार सुरू होतो. इथून पुढे अख्खा सिनेमा हा माणूस अनवाणी.

चाणाक्ष नवशिका इथे हात वर करतो: मेलेल्या गुंडाचे बूट का नाही घालत? जेब स्टुअर्ट आणि स्टीव्हन डी सूझा या पटकथाकारांनी हा हात आधीच पाहून ठेवलेला आहे. मॅक्लेन पहिल्या मेलेल्या माणसाचे बूट तपासतो आणि ते निघतात लहान. एका वाक्यात हशाही मिळाला आणि भोकही बुजलं. तुमच्या पटकथेत असं भोक असेल तर त्यावर स्फोट ठेवू नका. तिथे एक वाक्य लिहा.

सूचना ३. भांडण वाया घालवू नका

नवरा-बायकोचं भांडण मारधाडपटात कशाला, असं तुम्हाला वाटेल. नाकातोमीच्या लॉबीत येणाऱ्याने नाव शोधावं म्हणून पडदा बसवलेला आहे. मॅक्लेन स्वतःचं आडनाव शोधतो, बायको सापडत नाही. मग माहेरचं आडनाव शोधतो आणि हॉली जेनेरो सापडते. चेहरा पडतो. त्याआधीच, अशाच रागाच्या धुसफुशीत हॉलीने ऑफिसातला कुटुंबाचा फोटो पालथा घातलेला असतो.

आता वही काढा. गुंड येतात, हॉली ओलीस ठेवली जाते, वरच्या मजल्यांवर एक माणूस गुंडांना एकेक करून टिपतो आहे आणि त्याची बायको आपल्या मुठीत आहे हे गुंडांना माहीत नाही. का? तर तिने नवऱ्याचं आडनाव टाकलंय आणि फोटो पालथा आहे. जे भांडण आपण कौटुंबिक रडगाणं म्हणून सोडून दिलं होतं, तेच आता तिचा जीव राखून आहे. उजव्या बाजूचं हे सगळ्यात मौल्यवान टिपण. ते डावीकडे कोण आणतं? टीव्हीचा एक आगाऊ बातमीदार. तो हॉलीच्या घरी जाऊन मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करतो, पडद्यावर मुलं पाहून हॉलीचा चेहरा बदलतो, खलनायक तो बदल टिपतो आणि हात पुढे करून फोटो सरळ करतो. गोळी नाही, ठोसा नाही. पण थिएटरात खुर्चीचे हात घट्ट धरले जातात ते इथे.

सूचना ४. बॉम्ब फोडण्यापूर्वी

हिचकॉकचा हा धडा फ्रान्स्वा त्र्युफोने घेतलेल्या दीर्घ मुलाखतीत आहे, तिचं पुस्तक १९६६ साली आलं. मुद्दा थोडक्यात असा. टेबलाभोवती माणसं गप्पा मारताहेत, खाली बॉम्ब आहे, कुणालाच माहीत नाही. तो फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, घड्याळही दाखवा. आता त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं ऐकताना त्याला घाम फुटेल. दारूगोळा तेवढाच लागला, भीती मात्र साठपट मिळाली. निर्मात्याला हे गणित अवश्य दाखवा.

याला एक पोटसूचना जोडलेली आहे, ती हिचकॉकने स्वतः पोळून घेऊन दिली. ‘सॅबोटाज’मध्ये (१९३६) एक पोरगा नकळत बॉम्ब घेऊन लंडनमधून निघतो, वाटेत मिरवणुकीत अडकतो, बसमध्ये चढतो. प्रेक्षक जीव मुठीत धरून बसतात आणि बॉम्ब खरंच फुटतो. पोरगा जातो. लोक चिडले, आणि ही आपली चूक होती असं हिचकॉकने पुढे मान्य केलं. इतका वेळ ताणून धरलेल्या माणसाला शेवटी सुटका द्यावी लागते.

‘डाय हार्ड’चा छायाचित्रकार यान द बाँट हा धडा पक्का गिरवून बसला होता. १९९४ साली दिग्दर्शक झाल्यावर त्याने ते टेबल उचललं, त्याला चाकं लावली आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर सोडून दिलं. ‘स्पीड’मधली बस ताशी ५० मैलांच्या वर गेली की बॉम्ब जागा होतो आणि ५०च्या खाली आली की फुटतो. आपण बहुतेक वेळ एका काट्याकडे पाहत बसतो. तिथेही खरी कलाटणी मिळते ती एका शब्दाने. खलनायक फोनवर बस चालवणाऱ्या मुलीचा उल्लेख करतो तो तिच्या स्वेटशर्टवरच्या वाइल्डकॅटवरून. नायकाच्या डोक्यात प्रकाश पडतो: अरे, हा आपल्याला पाहतोय! बसमध्ये छुपा कॅमेरा आहे. मग तेच ते चित्रण पुन्हापुन्हा त्याला दाखवत ठेवायचं आणि मागच्या मागे माणसं उतरवून घ्यायची. लेखक ग्रॅहम योस्टची ही युक्ती मला बसच्या त्या जगप्रसिद्ध उडीपेक्षा भारी वाटते. उडी कुणीही लिहील.

सूचना ५. खलनायकाला शिकवा, सजवा, जेवूखाऊ घाला

‘डाय हार्ड’चा हान्स ग्रूबर. अ‍ॅलन रिकमनचा हा पहिलाच चित्रपट; तोवर तो रंगभूमीवरचा माणूस. शिलाई उत्तम, इंग्रजी त्याहून उत्तम. कंपनीच्या प्रमुखाला मारण्याआधी तो त्याच्या सुटाची तारीफ करतो.

मॅकटिअरननला दहशतवादी नको होते, चोर हवे होते, आणि हा निर्णय पटकथेला लाखमोलाचा ठरला. ग्रूबर राजकीय मागण्या करतो, जगभरातले कैदी सोडा म्हणतो, त्यातल्या एका संघटनेचं नाव तर त्याने ‘टाइम’ मासिकात वाचलेलं असतं. सगळा देखावा. त्याला हवेत तिजोरीतले ६४ कोटी डॉलरचे रोखे. आता बाहेरचे पोलीस एक सिनेमा पाहताहेत आणि आपण दुसराच. तिजोरीला सात कुलुपं आहेत. सातवं विजेवर चालतं आणि ते तोडता येत नाही. ग्रूबर निवांत आहे, कारण एफबीआयची नियमावली त्याने वाचलेली आहे. ओलिसांचा प्रसंग आला की एफबीआय इमारतीची वीज तोडणार. ती तोडते. कुलूप उघडतं. मायकेल केमनच्या पार्श्वसंगीतात बेथोव्हनची नववी सिंफनी दुमदुमते आणि आपण बेशरमपणे चोरांच्या बाजूने खूश होतो. दरोडापट असा गुपचूप आत शिरलेला असतो. पोलीस-चोर दोघांबद्दलही एकाच वेळी हुरहुर वाटायला लावणं जमलं, की तुमचं निम्मं काम झालं.

रोख्यांचं पुढे काय झालं, कोणाला आठवतं? ते लक्षात राहायचेही नाहीत. हिचकॉक अशा वस्तूला मॅकगफिन म्हणायचा: पडद्यावरची माणसं जिच्यासाठी जीव टाकतात आणि प्रेक्षक जिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘नटोरियस’मध्ये (१९४६) ते दारूच्या बाटलीतलं युरेनियम होतं. तुम्ही काहीही ठेवा. पटकथा लिहिताना त्यावर एका दुपारपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

सूचना ६. नायक-खलनायकाला एकत्र बसवून विडीकाडी द्या

हा प्रसंग प्रत्येकाने तीनदा पाहावा, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाकडे बघत.

ग्रूबर वरच्या मजल्यावर एकटाच गच्चीखाली पेरलेले सुरुंग तपासायला गेलेला आहे. खाली उडी मारतो तर समोर बंदूक घेऊन मॅक्लेन. आतापर्यंत दोघं एकमेकांशी वॉकीटॉकीवर बोललेत. मॅक्लेनला आवाज ओळखीचा आहे, चेहरा नाही. क्षणभराचा विलंब न लावता ग्रूबरचा चेहरा बदलतो. डोळ्यांत पाणी, गळ्यात कापरा अमेरिकी आवाज: मला मारू नका हो! निसटलेला ओलीस असल्याचं सोंग. रिकमनला अमेरिकी उच्चार जमतात हे चित्रीकरण सुरू झाल्यावर कळलं आणि म्हणून हा प्रसंग पटकथेत शिरला, असं सांगतात. उत्तम गोष्टी कधी कधी अशा मागच्या दाराने येतात.

मॅक्लेन सिगारेट देतो. ग्रूबरची नजर त्याच्या अनवाणी पायांवर जाते. मॅक्लेन त्यावर एक विनोद मारतो. मग सहज विचारल्यासारखं नाव विचारतो. ग्रूबर उत्तर देतो, बिल क्ले. मागे भिंतीवर कर्मचाऱ्यांच्या नावांचा फलक आहे, त्यावर क्ले हे नाव आहे. फलक ग्रूबरने आधीच वाचून घेतलाय. मॅक्लेनही तिकडे बघतो. त्याचं समाधान झालं की संशय वाढला? सिनेमा सांगत नाही. तो फक्त एक पिस्तूल काढून या थरथरत्या माणसाच्या हातात देतो.

इथे तुम्ही काय कराल, हे मला माहीत आहे. तुम्ही मॅक्लेनला चटकन ओळखू द्याल आणि दोघांना एकमेकांच्या अंगावर सोडाल. तसं करू नका. टेबलाखालचा बॉम्ब या वेळी माणसाच्या रूपात सिगारेट ओढत बसलाय. आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि ओरडून सांगायची सोय नाही. ग्रूबर रेडिओवर आपल्या माणसांना जर्मनमध्ये बोलावतो, आवाज मूळ पदावर येतो, पिस्तूल मॅक्लेनकडे वळतं. चाप ओढला. खट्. पिस्तूल रिकामं.

आपण टाळी वाजवतो तोच लिफ्टचं दार उघडतं आणि ग्रूबरची माणसं आत येतात. मग गोळीबार. त्यातही ग्रूबर डोकं वापरतो. ते पाय त्याला आठवतात. काचांवर गोळ्या झाडा, तो ओरडतो. आधी जर्मनमध्ये, आणि समोरच्या जर्मनाला जर्मन कळेना म्हणून मग इंग्रजीत. (नवशिक्यांनी उत्कृष्ट सिनेमातली ही चूक पाहून धीर घ्यावा.) मॅक्लेनला काचांच्या खचावरून पळावं लागतं, आणि सुरुंगांचे डिटोनेटर असलेली पिशवी मागे राहते. विमानातल्या अनोळखी माणसाचा सल्ला, बायकोचं ऑफिस, लहान निघालेले बूट, सिगारेट पेटवताना खाली गेलेली नजर: सगळ्याचा हिशेब इथे होतो. त्यानंतर तो न्हाणीघरात बसून तळव्यातून काच उपसतो, तेव्हा चाळीस गुंड मारणाऱ्या कुठल्याही नायकासाठी न आलेला हुंदका आपल्या घशात येतो.

सूचना ७. बाहेरच्यांना मूर्ख नका करू, अर्धवट माहितीत ठेवा

इथे ‘डाय हार्ड’ही थोडा घसरतो, पोलीस उपप्रमुख रॉबिन्सन आणि जॉन्सन आडनावाचे दोन एफबीआयवाले जरा जास्तच बिनडोक आहेत. पण गच्चीवरचा प्रसंग पाहा. गच्चीखाली सुरुंग आहेत, हे मॅक्लेनला ठाऊक आहे. ओलीस गच्चीवर आहेत. त्यांना खाली पळवायला तो हवेत गोळ्या झाडतो. हेलिकॉप्टरमधल्या एफबीआयला दिसतो ओलिसांवर गोळ्या झाडणारा एक दहशतवादी; ते त्याच्यावरच तुटून पडतात. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. असं लिहा.

आणि एक जण तरी असा ठेवा, जो नायकाला न पाहता ओळखतो. रस्त्यावरचा सार्जंट अल पॉवेल रेडिओवरच्या नुसत्या आवाजावरून सांगतो की वरचा माणूस आपला आहे.

सूचना ८. ज्यांना गाडीच हवी आहे त्यांच्यासाठी

‘बुलिट’ (१९६८), सॅन फ्रान्सिस्को. मारेकऱ्यांची काळी गाडी स्टीव्ह मॅक्वीनच्या मस्टँगच्या मागावर आहे. मस्टँग नाहीशी होते. मग मारेकऱ्याला आपल्या आरशात ती मागून येताना दिसते. पाठलाग करणारा कोण आणि सावज कोण, हे एका आरशात उलटलं. मारेकरी शांतपणे सीटबेल्ट लावतो. टायर किंचाळतात, लालो शिफ्रिनचं संगीत थांबतं आणि पुढे फक्त इंजिनं ऐकू येतात. नवशिका याच्या बरोबर उलट करतो, गाडी सुटली की ढोल वाजवतो.

सूचना ९. शेवट, आणि नटाशी वागण्याबाबत

सुरुवातीला पार्टीत एक चमको सहकारी हॉलीच्या मनगटावरचं कंपनीने दिलेलं घड्याळ मॅक्लेनला दाखवतो. नवऱ्याला खिजवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग दिसत नाही. शेवटी ग्रूबर खिडकीतून बाहेर लोंबकळतो तो त्याच मनगटाला धरून, आणि मॅक्लेन घड्याळाचा पट्टा सोडतो. थॉर्पच्या कादंबरीत मनगट नायकाच्या मुलीचं होतं आणि ती ग्रूबरबरोबर खाली गेली. सिनेमावाल्यांना ‘सॅबोटाज’चा पोरगा आठवला असावा.

रिकमनच्या चेहऱ्यावर पडताना जी भीती दिसते, तिची गोष्ट अशी सांगतात की अमुक आकड्याला सोडू असं ठरलं होतं आणि स्टंटवाल्यांनी त्याआधीच सोडून दिलं. तंत्र म्हणून चोख आहे: कॅमेऱ्याला ठाऊक, स्टंटवाल्यांना ठाऊक, नटाला नाही. उभी रेघ तिथेही होती. फक्त तुम्ही हा प्रयोग करणार असाल तर नटाशी मानधनाचा करार आधी पुरा करून घ्या, आणि दुसऱ्या टेकची आशा ठेवू नका.